सामूहिक ऊर्जाबचत, ग्रामीण (सोलापूर जिल्हा)

गावातील घरांनी आपसांत ठरवून सरपण, गॅस व वीज यांचा घरगुती वापर आटोक्यात ठेवण्याची रीत. संज्ञा अलीकडची असून ती सरकारी योजनांच्या भाषेतून आली. रीत मात्र जुनी आहे.

भीमा-सीनेच्या खोऱ्यातील हा जिल्हा कमी पावसाचा आणि विरळ झाडीचा. त्यामुळे येथील सरपण मुख्यतः शेतातले : तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, गोवऱ्या आणि अलीकडे वेडी बाभूळ. कडबा जनावरांचा, तो चुलीत जात नाही. चुलीला वैल (जोडचूल) ठेवून एकाच जाळावर दोन भांडी शिजविणे, भाकरी तव्यावरून उतरवून आरावर शेकणे, शेजारणीकडून विस्तव आणणे या सवयी सरपणाच्या तुटवड्यातून पक्क्या झाल्या असाव्यात. सोलापूरची कडक भाकरी याच हिशेबात बसते. एकदा चूल पेटवून चळतभर भाकरी करायच्या, त्या कडक वाळवायच्या आणि पुढे कित्येक दिवस आमटीत चुरून किंवा दही-चटणीशी खायच्या. दर जेवणाला जाळ लागत नाही. ही भाकरी इंधन वाचविण्यासाठी निघाली की प्रवासात टिकावी म्हणून, याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते. पण इंधन वाचते, हे खरेच.

गोबरगॅस : गावाच्या ऊर्जाबचतीत यंत्र म्हणून पहिले आले ते गोबरगॅस संयंत्र. भारतातील पहिले जैववायू संयंत्र मुंबईच्या कुष्ठरोगी वसाहतीत १८५९ मध्ये उभे राहिले, असे विधान इंग्रजी-मराठी पुस्तकांतून वारंवार आढळते. दुसरी परंपरा हीच घटना माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमाशी जोडून १८९७ हे साल देते. माटुंग्याचा आश्रम महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झाला. तेव्हा दोन्ही विधाने एकाच आश्रमाविषयी असतील, तर १८५९ टिकत नाही. १८९७ हेच ग्राह्य धरावे लागते. शिवाय तेथे मैल्यापासून वायू काढीत, शेणापासून नव्हे, हा भेद अनेक लेखक विसरतात. शेणावरील प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास झाले. जशभाई पटेल यांनी १९५० नंतर तरंगत्या टाकीचा आराखडा तयार केला आणि पुढे तो खादी व ग्रामोद्योग आयोगाने उचलला. लोखंडी टाकी गंजते व महागही पडते, म्हणून १९७८ मध्ये स्थिर घुमटाचे ‘जनता’ व १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ हे नमुने निघाले. राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ पासूनचा.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किग्रॅ. शेण व जवळजवळ तितकेच पाणी लागते. चार-पाच जनावरांचे शेण त्याला पुरते आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक भागतो. सांगोला-मंगळवेढा भागात अडचण नेमकी येथेच येते. दुष्काळात जनावरे चारा छावणीत जातात (२०१२-१३ व २०१८-१९ मध्ये गेली तशी) आणि पाणी टँकरचे असते. गावात शेण नाही, शेण कालवायला पाणी नाही. टाकी सुकते, तिचा घुमट तडकतो आणि पाऊस झाल्यावरही ती पुन्हा भरण्याचा खटाटोप सहसा कोणी करीत नाही. संयंत्रे किती बांधली, याच्या आकड्यांवरून म्हणूनच फारसा अर्थ काढू नये.

वीज : जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. त्याच सुमारास राज्यात भारनियमन तीव्र झाले आणि ग्रामीण भागासाठी अक्षय प्रकाश योजना निघाली. तिचा गाभा एक करार होता : संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळी गावाने शेतीपंप, पिठाची गिरणी, शेगडी, हीटर बंद ठेवायचे, वीजचोरीसाठी तारेवर टाकलेले आकडे काढायचे, त्या बदल्यात त्या वेळेत गावाचे दिवे जाणार नाहीत. काटेकोरपणे पाहता ही बचत नव्हे, वेळेची फेरमांडणी होय. बंद ठेवलेला पंप रात्री उशिरा चालतोच. परंतु सबंध गावाने एकमेकांवर लक्ष ठेवून पाळायची ही पहिलीच ऊर्जाविषयक शिस्त असल्याने तिची दखल येथे घेतली आहे.

शिस्त का लागते, हे साध्या गणिताने कळते. पाच अश्वशक्तीची एक मोटर साधारण ३.७ किलोवॉटची, म्हणजे ६० वॉटच्या साठ-बासष्ट दिव्यांइतकी. फीडरवर (उपकेंद्रातून गावाकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर) सिंगल फेज ठेवली, तर घरातले दिवे लागतात आणि तीन फेजची मोटर सुरू होत नाही, अशी मूळ योजना. त्यावर शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून एका फेजवर मोटर फिरविण्याची युक्ती काढली. अशी मोटर वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढते. दाब पडून गावातले दिवे लालसर होतात, पंखे रेंगाळतात आणि शेवटी डीपी (गावाचे रोहित्र) जळते. मग ऊस वाळतो तो कंडेन्सर लावणाऱ्याचा आणि न लावणाऱ्याचाही. त्यामुळे कंडेन्सरबंदी कंपनीच्या पथकापेक्षा पारावरच्या बैठकीत लवकर ठरते, असे दिसते. गावठाण व शेतीचे फीडर वेगळे झाले, तेथे या करारांचे प्रयोजन उरले नाही.

घरबांधणी : जुने माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर, उन्हाळ्यात घर थंड ठेवी. ४० अंशांवर जाणाऱ्या उन्हात त्याची जागा पत्र्याने व स्लॅबने घेतली आणि पंखा अपरिहार्य झाला. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकावी लागे. त्यासाठी माणसे मिळेनाशी झाली, हे त्याच्या ऱ्हासाचे कारण खर्चापेक्षाही मोठे मानावे.

अलीकडील योजना : २०१५ पासून एलईडी दिवे स्वस्त झाले, ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा दिवा आला. उज्ज्वला योजनेने (२०१६) गॅस घरोघर नेला, तरी अंघोळीचे पाणी बहुधा चुलीवरच तापते. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात पंचमहाभूतांपैकी ‘अग्नी’ या शीर्षकाखाली ग्रामपंचायतींना ऊर्जेसाठी गुण मिळतात. त्यात पथदिवे, सौर पंप, गोबरगॅस यांची मोजदाद होते. वैल मोजला जात नाही.