पीएस५ डिजिटल स्वस्त, पण स्वस्त कोणाला?

"दादा, दोन्ही पीएस५च ना, मग एक स्वस्त का?" सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) डिस्कवाला आणि डिजिटल अशा दोन प्रकारांत येतो, म्हणून सेल लागला की हा मेसेज मला कुणा ना कुणाकडून येतोच, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटत असतं की डिजिटल म्हणजे काहीतरी हलकं व्हर्जन असणार. तसं काही नाहीये. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच, गेम दोन्हीवर सेम चालतो, मुख्य फरक एवढाच की डिस्क टाकायची जागा, म्हणजे ड्राइव्ह, नाही.

हा घोळ मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समुळे झालाय असं मला वाटतं. त्याचे दोन प्रकार, सिरीज एस आणि सिरीज एक्स. सिरीज एसलाही ड्राइव्ह नाही, २०२० मध्ये आपल्याकडे तो ३४,९९० ला आला आणि सिरीज एक्स ४९,९९० ला, पण तिथे मशीनच कमी ताकदीचं आहे, रॅम १६ च्या जागी १० जीबी, ग्राफिक्सची ताकद १२ टेराफ्लॉपच्या (गणितं करायच्या वेगाचं माप) जागी ४. तिथले पंधरा हजार ड्राइव्हचे नाहीतच.

पीएस५ चं वेगळं. भारतात फेब्रुवारी २०२१ ला डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९०, मग नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले, एप्रिल २०२४ ला स्लिम, म्हणजे नवं बारीक मॉडेल, आला तेव्हाही ५४,९९० आणि ४४,९९०, म्हणजे तोपर्यंत मधला फरक दहा हजारांचा तो दहाचाच. अमेरिकेत मात्र गंमत झाली. सुरुवातीला ४९९ आणि ३९९ डॉलर होते, २०२३ च्या स्लिममध्ये डिजिटल एकदम ४४९ वर गेला आणि सुटा ड्राइव्ह ८० डॉलरला! म्हणजे आधी डिजिटल घेऊन नंतर ड्राइव्ह जोडणाऱ्याला ४९९ च्या डिस्कवाल्यापेक्षा तेव्हा ३० डॉलर जास्तच पडायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडे परत भाव वाढले आणि डिजिटल ४९९ वर पोचला, म्हणजे पहिल्या डिस्कवाल्याच्या किमतीत तेव्हा बिनडिस्कवाला.

मग सोनी सुरुवातीला एवढी सूट का देत होती? कारण डिजिटल घेतलात की गेम फक्त त्यांच्याच ऑनलाइन स्टोअरमधून, मधे दुकानदार नाही, आणि जुना गेम विकणारा तर नाहीच नाही. २०२१ मध्ये सोनीने सांगितलं होतं की ४९९ डॉलरचा डिस्कवाला आता तोट्यात जात नाही, डिजिटलचा तोटा मात्र बाकीच्या हार्डवेअर विक्रीतून भरून काढू.

आता आपला हिशोब. नवा मोठा गेम ४,९९९ चा धरा, डिस्क घ्या नाहीतर डाउनलोड करा. समजा डिस्क घेतली, महिन्याभरात संपवली आणि तीन हजारांना विकली, तर खर्च दोन हजार. असे चार गेम केले की बारा हजार परत हातात, दोन मॉडेलांत दहा हजारांचा फरक असला तरी तिथेच फिटला. शिवाय मित्राकडून डिस्क मागून आणायची (आणि सहा महिने परत द्यायची नाही) ही सोय वेगळीच, जुन्या पीएस४ च्या डिस्कही चालतात. डिजिटल गेम तुमच्या अकाउंटला चिकटला तो चिकटला, तो विकता येत नाही.

पण खरं सांगायचं तर सगळ्यांना डिस्कवाला लागतो असंही नाही. जो वर्षभर एकच क्रिकेट नाहीतर फुटबॉलचा गेम खेळतो, फुकटातले ऑनलाइन गेम खेळतो, किंवा सेल लागेपर्यंत दम धरू शकतो, त्याने फरकाचे पैसे उगाच का घालवायचे. आणि डिस्क असली म्हणून सगळं डाउनलोड वाचतं हाही गैरसमज, गेम मशीनच्या आतल्या स्टोरेजवर (एसएसडी) इन्स्टॉल होतोच, वर मोठमोठे अपडेट येतात आणि खेळताना डिस्क आत ठेवायलाच लागते.

सेकंडहँड डिजिटल घेणार असाल तर एक गोष्ट नक्की बघा. पहिल्या जाड मॉडेलला ड्राइव्ह नंतर बसवताच येत नाही, स्लिमला येतो, आणि तो पहिल्यांदा जोडताना नेट चालू लागतं. विकणारा दोघांनाही "पीएस५ डिजिटल" एवढंच म्हणतो, तेव्हा फोटो मागवून खात्री करा.