मूत्रपिंड विकृतितज्ज्ञांचा कार्यभार व मनुष्यबळ नियोजन

मूत्रपिंडाच्या बायॉप्सीचे निदान करणाऱ्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टचे काम मोजून, त्यावरून किती तज्ज्ञ लागतील हे ठरवण्याची पद्धत. वर्षभरात आलेल्या बायॉप्सींचा आकडा सहज मिळतो. मात्र निव्वळ त्यावर भिस्त ठेवली की हिशेब चुकतो.

सुईने काढलेला तुकडा दोऱ्याएवढा असला, तरी त्याची तपासणी तिहेरी असते. प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली २ ते ३ मायक्रॉन जाडीचे अनेक छेद पीएएस, सिल्व्हर, ट्रायक्रोम अशा वेगवेगळ्या रंजनांत (रंग देण्याच्या पद्धतींत) पाहावे लागतात. इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने प्रथिने शोधण्याच्या पद्धतीत, आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू, कॅपा, लॅम्डा या प्रथिनांची स्लाइडगणिक प्रतवारी करायची असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे निष्कर्ष बहुधा मागाहून येतात, तेव्हा हातावेगळी केलेली केस पुन्हा उघडून पुरवणी अहवाल लिहावा लागतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडासाठी १९९१ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे सुरू झालेल्या वर्गीकरणानुसार प्रत्येक विकृतीला ० ते ३ गुण द्यायचे. शिवाय नेफ्रॉलॉजिस्टशी (मूत्रपिंडरोगतज्ज्ञाशी) चर्चा असतेच, आणि ती बहुतेक मापनांतून निसटते.

अमेरिकेच्या बिलिंग पद्धतीत मूत्रपिंडाची बायॉप्सी आणि आतड्यातला पॉलिप दोन्ही ८८३०५ या एकाच कोडखाली येतात. विशेष रंजने, इम्युनोफ्लुओरेसन्स व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन यांचे कोड वेगळे जोडले जातात. पैशांचा हिशेब त्यामुळे जुळत असेल. विचार करण्यात गेलेला वेळ त्यात दिसतोच असे नाही. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने केसच्या गुंतागुंतीनुसार गुण देण्याचा मार्ग धरला.

नियोजनाचे गणित वेळेवर बसवणे बरे. समजा, पुरवणी अहवालासह एका केसला दीड तास लागतो आणि अध्यापन, बैठका वगळून आठवड्याला २० तास उरतात. रजा वजा जाता ४२ आठवडे धरले, तर एका व्यक्तीकडून वर्षाला सुमारे ५६० केस होतील. म्हणजे ३०० बायॉप्सींच्या केंद्राला कागदावर अर्ध्याहून जरासाच अधिक तज्ज्ञ पुरेसा ठरतो! प्रत्यक्षात क्रेसेंटिक ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (मूत्रपिंडाच्या गाळण्यांचा वेगाने बळावणारा दाह) किंवा तीव्र रिजेक्शनचा (शरीराने प्रत्यारोपित मूत्रपिंड नाकारण्याचा) संशय असेल, तर प्राथमिक मत त्याच दिवशी हवे असते आणि ते रजेवरच्या माणसाकडून मिळत नाही. दुसरा तज्ज्ञ लागतो तो यासाठी. कठीण केसमध्ये दुसरे मत मिळते, हा वरचा फायदा.

लहान केंद्रे एकत्र येऊन डिजिटल स्लाइडवर पाळ्या लावू शकतात. इम्युनोफ्लुओरेसन्सची चमक मात्र ओसरत जाते, त्यामुळे तिची छायाचित्रे स्लाइड ताजी असतानाच घ्यावी लागतात.