जखमी सैनिकाच्या व्याख्यानामागचा इतिहास

कारगिल विजय दिन असो वा ७ डिसेंबरचा ध्वजदिन, युद्धात जखमी झालेल्या माजी सैनिकाला विद्यार्थ्यांपुढे बोलायला बोलावण्याची पद्धत कोल्हापुरात आता रुळली आहे. विषय ठरलेला: जिद्द.

या जिल्ह्याला फौजी काही नवा नाही. शिरोळ तालुक्यात तर गावाचं नावच सैनिक टाकळी. संस्थानची राजाराम रायफल्स स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. मात्र पूर्वी लढाईत पाय गमावून आलेला गडी पेन्शनीवर गावातच राहायचा, जमेल तेवढी शेती बघायचा. त्याला माईकपुढे उभं करावं असं कुणाच्या मनात येत नसे.

हे बदलायला सुरुवात झाली ती भाषणांनी नाही, वर्कशॉपांनी. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हातातलं काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत स्थिरावली. १९४४ मध्ये पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी इंग्लंडात स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग हाती घेतला. तोवर असे बहुतेक रुग्ण पडून राहून पाठीवर झालेल्या जखमा चिघळून नाहीतर मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गटमननी त्यांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायला लावलं, मग खेळायला. १९४८ मध्ये १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे.

त्या वाटेवर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला माणूस कुठवर गेला, हे इथल्या पोरांना आवर्जून सांगायला हवं. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. उपचार म्हणून पोहणं सुरू झालं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं!

व्याख्यानांत गोळी लागली तो क्षण रंगतो आणि पुढचे महिने एका वाक्यात उरकतात. मला हे खटकतं. पाय कापल्यावर उरलेल्या भागाची सूज उतरते, स्नायू आटतात. त्यामुळे सुरुवातीला बसलेला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा तो भाग बसवायचा खोलगट साचा, सैल होतो, घासतो, कातडी सोलवटते. तो पुन्हा बनवून घ्यावा लागतो. नसलेल्या बोटांना रात्री कळा येतात, त्या वेगळ्याच. यातून माणूस उभा राहतो तो जिद्दीइतकाच फिजिओथेरपिस्टच्या आणि पाय बनवणाऱ्या कारागिराच्या बळावर.

कोल्हापूरने हा धडा सैन्याबाहेरही गिरवलाय. व्हीलचेअरवर वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, तीही भाषणांवर थांबली नाही. वसतिगृह, शिक्षण, रोजगार असं सगळं त्यात आलं.

आता ऐकणारेही बदललेत. समोरच्या बाकांवर भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं असतात. २०२२ पासून शिपाईभरती अग्निपथ या चार वर्षांच्या सेवेच्या योजनेतून होते. त्यात सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी मिळतात, शिवाय चार वर्षांतला उरलेला पगार आणि सेवानिधी, म्हणजे पगारातून कापून सरकारच्या भरीसह साठवलेली रक्कम. जुन्या फौजीला मिळणारी आयुष्यभराची अपंगत्व पेन्शन त्यात नाही. त्यामुळे प्रश्नोत्तरांत एखाद्याने ‘सर, तुमच्या पायाचा खर्च कोण करतं?’ असं विचारलं, तर आयोजकांनी त्याला खाली बसवू नये.