नवीन घर होईपर्यंत अंगणात केबिन ठेवायचीय? बुकिंगच्या आधी हे वाचून घ्या

जुनं मातीचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं की गावाकडे पहिला प्रश्न हाच, की काम होईपर्यंत राहायचं कुठं. गावात भाड्याची खोली सहसा मिळत नाही, तालुक्याला जाऊन राहावं तर गुरं कोण बघणार, आणि घरातली वयस्कर माणसं अंगण सोडायला तयार नसतात. म्हणून आता बरेच जण आमच्याकडून तयार केबिन भाड्याने घेऊन आपल्याच जागेत ठेवतात आणि वास्तुशांत झाली की परत देतात. सोय खरंच चांगली आहे. पण फोनवर सगळे रेट विचारतात, किती दिवसात येईल ते विचारतात, जागेचं कुणी काढत नाही, आणि आमच्या मते निम्मं काम जागेवरच ठरतं.

ठेवायच्या आधी काढायचा विचार करा

केबिन ट्रेलरवर येते आणि हायड्राने (चाकांवरच्या क्रेनने) उतरवतात. आज अंगण मोकळं आहे, हायड्रा कुठूनही आत शिरतो, पण नवीन घर उभं राहिलं, कंपाउंड झालं, गेट बसलं, की तोच हायड्रा परत कुठून येणार? मग नवी कोरी भिंत पाडायची वेळ येते. त्यामुळे जागा निवडताना रस्त्याकडचा कोपरा बघा, आणि कंपाउंडची तेवढी बाजू केबिन गेल्यावरच बांधायची असं गवंड्याला आधीच सांगून ठेवा. घराचा नकाशा झाला असेल तर इंजिनिअरला घेऊन एकदा जागेत फिरा, वाळू-खडी कुठं पडणार, बोअरची गाडी कुठून जाणार, नव्या घराचा सेप्टिक टँक कुठं येतोय, हे सगळं बघून मगच चुन्याने खुणा करा. बांधकामाला चिकटून केबिन नको, स्लॅबच्या वेळी वरून फळ्या-सळ्या पडतात आणि आत लहान मुलं असतात, निदान १५ फूट तरी सोडा.

आमची नेहमीची साइज २० बाय ८ फूट, म्हणजे १६० चौरस फूट. मोठी का नाही असं विचारतात. रस्त्यावरच्या गाडीला २.६ मीटर म्हणजे साधारण साडेआठ फूट रुंदीची मर्यादा आहे, म्हणून १० फुटी हवी असेल तर ती तुकड्यात आणून जागेवर जोडावी लागते आणि काढताना तेच उलटं, खर्च दोन्हीकडून वाढतो. चार माणसांना ८ फुटी पुरते, स्वयंपाक बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर अजून बरं.

वाटेत वायरी कुठं खाली लोंबतायत ते आम्हाला आधी कळवा. केबिन उतरवायच्या जागेवरून ११ केव्हीची लाईन जात असेल तर हायड्राचा बूम (वर उचलायचा दांडा) तिथं उचलायचा नाही म्हणजे नाही, दुसरी जागा बघू. घरगुती वायर आडवी येत असेल तर महावितरणच्या लाईनमनला सांगून तेवढा वेळ सप्लाय बंद करून घ्यावा लागतो.

पाया लागतोच

तात्पुरती आहे म्हणून विटांवर टेकवू असं करू नका. काळ्या रानात जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मग केबिन एका कोपऱ्यात खचते, दारं अडकतात, छपराचा उतार बिघडून पाणी आत येतं. सहा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घेऊन काँक्रीटचे ठोकळे भरा, ट्यूब लेव्हलने एका पातळीत आणा, जमिनीपासून दीड-दोन फूट वर. कोकणात जांभ्याची जमीन असेल तर खड्डा कमी लागतो पण वाऱ्याचं बघावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगडमध्ये कितीतरी घरांचे पत्रे उडून गेले होते. शिपिंग कंटेनर निदान सव्वादोन टनाचा तरी असतो, पफ पॅनलची (दोन पत्र्यांत फोम भरलेल्या भिंतींची) केबिन त्याहून हलकी, म्हणून आम्ही ठोकळ्यात बोल्ट टाकून फ्रेम आवळतो, आणि हे न करता केबिन देत नाही. नदीकाठच्या गावात निळ्या पूररेषेच्या (सरकारने आखलेली पुराच्या पाण्याची हद्द) आत असाल तर आम्ही ऑर्डरच घेत नाही.

भिंतीबद्दल एवढंच, नुसता पत्रा घेऊ नका. ५० एमएमचं पफ पॅनल घ्या, आणि दार-खिडकी समोरासमोर येईल असं बघा, नाहीतर मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. लांब बाजू पश्चिमेला नको.

कागदाचं

"चार दिवसाची केबिन, परवानगी कशाला" असं गावात कुणीतरी सांगणारच. त्यावर जाऊ नका. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे गावठाणात बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. नवीन घराचा अर्ज तुम्ही करणारच आहात, त्याच नकाशात केबिन तात्पुरती म्हणून दाखवा, किती महिने ते लिहा आणि पोच घ्या. पुढे घरपट्टीत चढवली तर काढल्यावर नोंद कमी करायचा अर्ज द्यायला विसरू नका.

नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा) उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नाही, हे लोकांना माहीत नसतं. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका मिळते, ती असेल तर हद्द स्पष्ट असते. जागा सामाईक असेल तर हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, अगदी सख्खा भाऊ असला तरी घ्या, कारण ट्रेलर दारात उभा असताना चुलत्याने हरकत घेतली तर भाडं तुमचंच चालू राहतं आणि नातं बिघडतं ते वेगळंच.

शेतजमिनीत ठेवायची असेल तर विषय वेगळा. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४१ मध्ये शेतकऱ्याला शेतीच्या कामासाठी शेतघराची मुभा आहे पण तिला अटी आहेत, तलाठ्याकडे आधी विचारा. होमस्टेला देणार असाल तर ते शेतघर नाही, बिगरशेती परवानगी बघावी लागेल. गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन असेल आणि सरकारच्या प्रादेशिक आराखड्यात तिथं राहण्याचा वापर चालत असेल तर कलम ४२-ड मुळे रूपांतरण कर भरून ते काम बरंच सोपं होतं.

लाईट, पाणी, संडास

जुनं घर पाडताना मीटर परत करून टाकू नका, शिफ्टिंगचा अर्ज करा. केबिन लोखंडी आहे, म्हणून वेगळं अर्थिंग आणि ३० एमएची आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) लागतेच, पावसात ओल्या हाताने दाराला हात लागतो तेव्हा जीव त्यावर असतो. आरसीसीबी आम्ही बसवून देतो, अर्थिंगचा खड्डा मात्र तुमच्या इलेक्ट्रिशियनने घ्यायचा आणि त्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहायचं.

जुना संडास शक्यतो पाडू नका, वर्षभर तोच वापरा. नवीन शोषखड्डा घेणारच असाल तर विहिरीपासून, बोअरपासून निदान ६० फूट लांब घ्या, आणि शेजाऱ्याची विहीर पण मोजा.

बुकिंगला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवा: जागेचे चारी बाजूंनी फोटो, मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतचा एक व्हिडिओ, सगळ्यात अरुंद वळणाची रुंदी टेपने मोजून, आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका. हे बघून आमचा माणूस येऊन जागा पक्की करतो, ठोकळे भरल्यावर काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारा, त्यानंतरच गाडी निघते.