एचेव्हेरिया की सेम्परव्हिव्हम? दांडा आला की कळतं

माझ्या एका सक्युलंटच्या, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाच्या, मधोमध दांडा वर यायला लागला तेव्हा मी खूश झाले होते. फुलं आली, चांदणीसारखी, गुलाबी. मग खालचा पानांचा गुच्छ पानापानाने सुकत गेला. मी पाणी कमी केलं, वाढवलं, कुंडीची जागा बदलली, काही उपयोग नाही. रोग वगैरे काही नव्हताच. मी ज्याला एचेव्हेरिया समजत होते ते सेम्परव्हिव्हम होतं, आणि त्याचा जो गुच्छ फुलतो तो फुलून झाला की मरतो.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही क्रॅसुलेसी कुळातली, दोन्हींची जाड पानं गुलाबासारखी एकात एक बसलेली, दोन्हींच्या बुडाशी पिल्लं. इंग्रजीत तर दोघांनाही कोंबडी आणि तिची पिल्लं अशा अर्थाचं एकच नाव आहे.

फुलांची वाट न बघता ओळखायचं तर पान जवळून बघा. सेम्परव्हिव्हमचं पान त्या मानाने पातळ, टोकदार, आणि कडेला बारीक लव. एका जातीत तर टोकाटोकांमध्ये कोळ्याचं जाळं विणल्यासारखे पांढरे धागे असतात. एचेव्हेरियाचं पान गुबगुबीत, आणि पुष्कळ जातींवर मेणाची पांढुरकी पावडर. तिथे बोट लावलं की ठसा उमटतो आणि त्या पानावर तो राहतोच, म्हणून उचलताना कुंडीला धरा. एचेव्हेरियाचा दांडा मधून नाही, पानांच्या बेचक्यातून बाजूने निघतो. त्यावर घंटेसारखी फुलं येऊन जातात आणि झाड आपलं वाढत राहतं.

घरात ठेवायचं तर माझं मत सरळ एचेव्हेरियाला. ती मूळची मुख्यत्वे मेक्सिकोची. अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन वनस्पती-चित्रकारावरून १८२८ साली तिला हे नाव मिळालं. थंडीत गोठण तिला सोसत नाही, पण उजेडाच्या खिडकीत ती सुखात राहते. उजेड कमी पडला तर मान लांबवते आणि पानांमध्ये अंतर पडतं. मग शेंडा थोड्या देठासकट कापायचा, चारपाच दिवस सावलीत सुकवायचा आणि नव्याने लावायचा. उरलेलं खोड फेकू नका, त्यालाही बहुतेक वेळा पिल्लं फुटतात.

सेम्परव्हिव्हम युरोपातल्या डोंगरांमधलं, खडकांच्या फटीतलं. बर्फ त्याला चालतो, खोलीतली ऊब आणि अंधुक उजेड नाही. फ्रँक राजा शार्लमेनच्या काळच्या एका फर्मानात माळ्याने ते आपल्या घरावर लावावं असं म्हटलेलं आहे. छपरावर असलं की वीज पडत नाही, अशी समजूत होती!

पाण्याचा नियम दोघांना एकच: माती पूर्ण सुकली की भरपूर, तोवर थेंब नाही. मातीत निम्मी तरी जाड वाळू किंवा बारीक खडी हवी.

रोपं करताना मात्र फरक पडतो. एचेव्हेरियाचं पान हळूच डावीउजवीकडे हलवून बुडासकट काढलं आणि कोरड्या मातीवर नुसतं ठेवलं, तर काही आठवड्यांत बुडाशी गुलाबीसर मुळं आणि मग दाण्याएवढा गुच्छ दिसतो. सेम्परव्हिव्हमच्या पानाचं असं करू गेलात तर ते बहुधा सुकूनच जातं. त्याची पिल्लंच घ्यायची, आईपासून दोरीसारख्या फुटव्यावर लोंबणारी. माझ्या मेलेल्या गुच्छाभोवती तशी सात निघाली.