पार्श्वभूमी : यादवीतले युद्धगुन्हे आणि हेगमधले एक न्यायाधीश

ऑक्टोबर 2011 मध्ये फ्लॉरेन्सला निधन पावलेल्या अंतोनियो कासेसे या इटालियन कायदेपंडितांची ओळख करून देताना पदांची जंत्री वाचली जाते. पिसा आणि फ्लॉरेन्समध्ये प्राध्यापकी, सत्तरच्या दशकात युद्धाच्या नियमांवरच्या जिनिव्हाच्या वाटाघाटींत इटलीच्या शिष्टमंडळात जागा, पुढे तुरुंगांना अचानक भेटी देणाऱ्या युरोपीय समितीचं अध्यक्षपद. खरा कस लागला तो 1993 नंतर, हेगमध्ये.

माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायालयाचे ते पहिले अध्यक्ष. न्यायाधीश नेमले तेव्हा ना आरोपी होता, ना खटला चालवायला दालन. मग कारभार थाटला तो एका विमा कंपनीच्या इमारतीत. ज्याच्यावर पहिला खटला उभा राहिला तोही कुणी सेनापती नव्हे. कोझारात्स गावात कॅफे चालवणारा, कराटे शिकवणारा बोस्नियन सर्ब दुस्को तादिच, 1994 मध्ये म्युनिकला पकडलेला. ओमार्स्का छावणीतल्या अत्याचारांचे आरोप त्याच्यावर होते.

बचाव पक्षाचा एक मुद्दा जुन्या चौकटीत चपखल बसणारा होता : ही यादवी आहे, युद्धगुन्ह्यांचे नियम दोन देशांमधल्या लढाईसाठी. 2 ऑक्टोबर 1995 रोजी त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अपील खंडपीठाने तो फेटाळला. दोन देशांच्या युद्धात जे अमानुष, ते यादवीतही चालवून घेता येणार नाही. आज हे उघड वाटतं. पण जिनिव्हाच्या त्याच वाटाघाटींत 1977 मध्ये अंतर्गत संघर्षांसाठीच्या नियमांचा मसुदा सरकारांनीच कापून छोटा केला होता.

तरी एक गाठ सुटली नव्हती. युद्धातल्या जखमी, कैदी आणि नागरिकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या ‘गंभीर उल्लंघनां’साठी युद्ध आंतरराष्ट्रीयच लागतं. मग बोस्नियन सर्बांचं सैन्य शेजारच्या सर्बियाचं, म्हणजे बेलग्रेडच्या सरकारचं, की स्वतंत्र? निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध लढलेल्या खटल्यात 1986 मध्ये हेगमधल्याच जुन्या न्यायालयाने, म्हणजे देशांमधले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, कसोटी कडक ठेवली होती : ज्या कारवाईत गुन्हा घडला तिच्यावर पाठीराख्या देशाचं प्रत्यक्ष नियंत्रण दाखवा. 1997 मध्ये खालच्या खंडपीठाने बहुमताने तोच मार्ग धरून आरोपीला त्या कलमांतून सोडलं. जुलै 1999 मध्ये अपिलात ते उलटलं. त्या खंडपीठावरही कासेसे होतेच. संघटित सैन्याला पैसा, शस्त्रं पुरवणं आणि शिवाय लष्करी आखणीत हात असणं, म्हणजे ‘एकूण नियंत्रण’ पुरेसं. एकेका हुकुमाचा माग काढायला नको. 2007 मध्ये जुन्या न्यायालयाने देशाच्या जबाबदारीपुरती ही कसोटी नाकारली, तेव्हा त्यांनी लेख लिहून जाहीर प्रतिवाद केला. कत्तलीचा हुकूम कागदावर कोण देतं? त्यांची बाजू मला पटते. न्यायाधीशच कायदा घडवू लागले, ही टीका मात्र अगदीच पोकळ नव्हती.

सुदानमधल्या दारफुर प्रांतातल्या अत्याचारांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. जानेवारी 2005 च्या अहवालात सुदान सरकारचं वंशसंहाराचं धोरण आढळलं नाही असं म्हटलं, पण घडलेले गुन्हे त्याहून कमी गंभीर नाहीत हेही लागलीच लिहिलं. गाजलं ते पहिलंच. संशयितांची 51 नावं बंद पाकिटात गेली. लेबनॉनसाठीच्या विशेष आंतरराष्ट्रीय न्यायालयात फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांच्या खंडपीठाने शांतताकाळातला दहशतवाद हा रूढीनेच, म्हणजे लेखी कराराशिवाय देशांच्या प्रथेतूनच, आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरल्याचं सांगितलं. बऱ्याच अभ्यासकांना ते पचलं नाही.

‘एकूण नियंत्रण’ टिकलं. मार्च 2012 मध्ये कांगोतल्या बालसैनिकांच्या खटल्यात हेगमधल्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने आपला पहिला निकाल दिला, त्यात संघर्षाचं स्वरूप ठरवायला हीच कसोटी वापरली.