डोंगरगावचा डायनासोर, अकरा जणांनी घडवलेला
‘सामाईक मूर्ती’ योजनेत येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

खेळण्यांच्या दुकानात टी-रेक्स मिळतो, ट्रायसेराटॉप्स मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूला, डोंगरगावच्या टेकडीतून निघालेला इसिसॉरस मात्र शोधूनही हाती लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या संग्राहकांची ही जुनी खंत होती. शेवटी त्यांच्यातल्याच अकरा जणांनी आमच्या नागपूरच्या कार्यशाळेत बसून तो घडवला. नकाशा त्यांचा, वाद त्यांचे, मातीवरची बोटंही बरीचशी त्यांचीच. साचा आणि ओतकाम तेवढं आमचं. यालाच आम्ही सामाईक मूर्ती म्हणतो. पुढच्या गटात येऊ इच्छिणाऱ्यांना काम कसं चालतं ते आधी कळावं, म्हणून हे पत्रक.

आधी हाडं, मग माती

इसिसॉरसची हाडं १९८४ ते १९८६ या काळात खणून काढली गेली. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्यांचं वर्णन केलं, तेव्हा नाव होतं टायटॅनोसॉरस कोल्बर्टी. हा प्राणी वेगळ्याच प्रजातीतला (जीनस) आहे हे लक्षात आल्यावर २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं. यातलं ‘इसि’ म्हणजे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची इंग्रजी आद्याक्षरं. भारतातल्या बऱ्याच डायनासोरांची ओळख दोन-चार मणके आणि हाडांच्या तुकड्यांवर उभी आहे. याचे मात्र मान, पाठ आणि शेपटीचे मणके, बरगड्या, कमरेची हाडं, खांदा आणि डावा पुढचा पाय, असं पुष्कळ काही एकत्र मिळालं. म्हणून पहिली मूर्ती याचीच करायची, यावर कोणाचं दुमत नव्हतं.

दुमत सुरू झालं मापापासून. पुस्तकांत या प्राण्याची लांबी कुठे ११ मीटर दिली आहे, कुठे १८. चाळीसपट लहान मूर्ती करायची तर एक साडेसत्तावीस सेंटीमीटरची होईल आणि दुसरी पंचेचाळीसची. कपाटाचा खण ठरवायचा तरी कसा? मग एका सभासदाने सुचवलं की लांबीचा अंदाज बाजूलाच ठेवावा. दंडाचं हाड १४८ सेंटीमीटर भरलं आहे, ते कोणाच्या अंदाजावर अवलंबून नाही. त्याला चाळीसने भागलं की ३७ मिलिमीटर येतात. आम्ही ३७ मिलिमीटरची पितळी पट्टी कापली आणि बाकीची सगळी मापं तिच्या पटीत घेतली. पुढचे चार महिने ती पट्टी टेबलावरून हलली नाही. आता प्रत्येक गटाचं काम अशाच एका हाडापासून सुरू होतं.

काळी, निळी, लाल

हा भाग नीट वाचा. आमच्या पद्धतीचं मर्म इथे आहे.

प्राण्याची बाजूने दिसणारी आकृती खऱ्या मूर्तीच्या मापात कागदावर काढतो. जे हाड प्रत्यक्ष सापडलं आहे, तो भाग काळ्या पेन्सिलीने. जे सापडलं नाही पण नात्यातल्या दुसऱ्या प्राण्यात दिसतं, ते निळ्याने. ज्याला कसलाच आधार नाही, ते लाल. काळ्यावर मत चालत नाही, मोजमाप चालतं. निळ्यावर चर्चा होते आणि मुद्दा मांडणाऱ्याने कोणत्या प्राण्याचा आधार घेतला ते सांगायचं असतं. हात वर करून मतदान होतं ते फक्त लाल भागावर. हाच तिरंगी कागद छापून प्रत्येक मूर्तीच्या खोक्यात घालतो, म्हणजे विकत घेणाऱ्याला आपल्या हातात पुरावा किती आणि कल्पना किती आहे ते दिसतं.

इसिसॉरसची कवटी मिळालेली नाही. मागचे पायही नाहीत. पहिल्या बैठकीत डोकं आणि मागचे पाय निळे झाले तेव्हा काही चेहरे उतरले होते. पण पुढे सगळ्यात रंगलेल्या चर्चा त्यांच्यावरच झाल्या. डोक्यासाठी आम्ही मादागास्करच्या रापेटोसॉरसचा आधार घेतला. २००१ मध्ये वर्णन झालेल्या या प्राण्याची कवटी चांगली माहीत आहे. एवढ्या दूरचा नातेवाईक कशाला, असं एका काकूंनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. पण भारत आणि मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकाच भूखंडाचे भाग होते, आणि दोन्हीकडच्या त्या काळातल्या प्राण्यांचं नातं हाडांतून दिसतं. डोकं निळंच राहिलं, पण कागदावर कारण लिहून.

पावलांचा वाद मला विशेष आवडतो. गटात एक पशुवैद्य होते. हत्तीचं वजन पायाच्या गादीवर कसं उतरतं, कोपराशी कातडीला घड्या कुठे पडतात, हे त्यांनी मातीत करून दाखवलं. त्यांचं ते ज्ञान मूर्तीत आजही दिसतं. पण त्यांनी पुढच्या पावलांना हत्तीसारखी नखंही दिली होती. इसिसॉरस ज्या टायटॅनोसॉर कुळातला आहे, त्या कुळात पुढच्या पायाला बोटांची पेरं आणि नखं जवळपास उरलीच नव्हती. तळहाताची हाडं उभ्या खांबांसारखी अर्धवर्तुळात बांधलेली असत आणि भार त्यांच्यावर असे. नखं होती ती मागच्या पायांना. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी येऊन स्वतः पुढची नखं काढली. कित्येक नामवंत कंपन्यांच्या खेळण्यांवर ती अजून दिसतात.

ज्यांना हे सगळं फार काटेकोर वाटतं, त्यांना आम्ही लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेतल्या इग्वानोडॉनची गोष्ट सांगतो. शिल्पकार वॉटरहाउस हॉकिन्स यांनी शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने ही पूर्णाकृती शिल्पं केली आणि १८५४ मध्ये ती लोकांना पाहायला मिळाली. इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार्टच्या कोळसाखाणीत या प्राण्याचे संपूर्ण सांगाडे निघाले आणि ते ‘शिंग’ अंगठ्याचा काटा असल्याचं पक्कं झालं. शिल्पं आजही बागेत आहेत आणि आम्हाला ती अतिशय प्रिय आहेत. त्या शिंगाशेजारी निळी किंवा लाल खूण असती, तर पाहणाऱ्याला आणखी आनंद झाला असता.

हवेप्रमाणे काम

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. मूळ मूर्ती आम्ही तेलकट मातीत करतो, म्हणजे मेण आणि तेल घातलेल्या न वाळणाऱ्या मातीत. एप्रिलमध्ये ती लोण्यासारखी होते आणि कोरलेली खवलं संध्याकाळपर्यंत पुसट होतात. म्हणून दिवाळी ते फेब्रुवारी हा मातीचा काळ. आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा असतो, त्यावर चुरगाळलेली फॉइल आणि तिच्यावर माती. चितार ओळीत गणपती घडवण्यात आयुष्य गेलेले आमचे कारागीर आधी पाठीचा कणा आणि चार पाय एवढंच उभं करतात आणि दोन दिवस तसंच ठेवतात. जनावर उभं राहिलेलं डोळ्याला पटल्याशिवाय त्यावर कातडं चढवायचं नाही, हा त्यांचा नियम.

इसिसॉरसचे पुढचे पाय लांब, खांदा उंच आणि मान त्याच्या जातभाईंच्या मानाने आखूड. त्यामुळे नेहमीचा लांबमान्या डायनासोर डोक्यात ठेवून हात चालवला की आकृती चुकते. आम्ही दोनदा मान कापून आखूड केली.

मार्च ते मे ओतकाम. मूळ मूर्तीभोवती सिलिकॉन रबराचा दोन भागांचा साचा करतो आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओततो. हे रेझिन दमट हवेत पाणी ओढून घेतं, आतल्या आत वायू सुटतो आणि अंगावर बुडबुड्यांची भोकं पडतात. म्हणून पावसाळ्यात ओतकाम पूर्ण बंद. ‘जुलैत दोन प्रती जास्त काढून द्या ना’, ही विनंती दरवर्षी येते आणि दरवर्षी आम्हाला नाही म्हणावं लागतं.

एक फसलेला प्रयोगही सांगायला हवा. सुरुवातीच्या काळात आम्ही गंधक असलेली माती वापरली आणि तिच्यावर प्लॅटिनम जातीचं, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं सिलिकॉन ओतलं. गंधकामुळे ते सिलिकॉन पृष्ठभागावर घट्ट होतच नाही. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर आत चिकट थर होता आणि तीन महिन्यांचं कोरीवकाम त्याच्याबरोबर निघून आलं. म्हणून घरून स्वतःची माती आणणार असाल, तर तिचं वेष्टनही आणा. गंधकविरहित असल्याची खात्री झाल्याशिवाय ती मूळ मूर्तीला लागणार नाही.

एका सिलिकॉन साच्यातून २५ ते ३० प्रती स्वच्छ निघतात. मग बारीक खवल्यांच्या कडा फाटू लागतात. गटाच्या प्रतींची संख्या यावरूनच ठरते.

लांबून भाग घेणाऱ्यांसाठी

पुणे, पणजी किंवा परदेशात राहणारेही गटात असतात. दर रविवारी आम्ही मूर्तीचे फोटो पाठवतो, सगळे दीड-दोन मीटर अंतरावरून झूम करून काढलेले. जवळ धरलेल्या मोबाइलमध्ये पुढचं डोकं मोठं आणि मागची कंबर लहान दिसते, आणि मग ‘डोकं बेढब झालंय’ अशा तक्रारी येतात. फोटोवर खुणा करून पाठवा, पण सोबत मापही लिहा. ‘मांडी जाड करा’ यापेक्षा ‘मांडी ४ मिलिमीटर जाड करा’ हे कारागिराला लगेच कळतं.

पायथा आणि रंग

डायनासोरच्या पायाशी गवत दाखवलं की जाणकार नाक मुरडतात, कारण गवत पुष्कळ नंतरचं मानलं जात होतं. इथे मात्र आपल्याच भागाने वेगळी साक्ष दिली आहे. डोंगरगावजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या शेणाचे जीवाश्म मिळतात. त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी याच पिसदुऱ्याचे जीवाश्म गोळा केले होते. शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्याच शेणात इतर झाडापाल्याचेही अंश आहेत, तेव्हा हिरवळ पसरवायची नाही. तांबड्या मातीवर गवताचे तीन-चार विरळ झुबके लावले आणि ते काळ्या पेन्सिलीत गेले. त्या संध्याकाळी कार्यशाळेत झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

अंगाचा रंग पूर्णपणे लाल पेन्सिलीचा. काही पिसंवाल्या डायनासोरांचे रंग पिसांतल्या रंगकणांवरून कळले आहेत, इसिसॉरसच्या बाबतीत तसं काहीच हाती नाही. म्हणून गटाच्या प्रती आम्ही करड्या प्रायमरवर देतो आणि रंग प्रत्येकाने आपला निवडायचा. एका ताईंनी तो चिखलात लोळून उठलेल्या म्हशीसारखा रंगवला, पाठीवर वाळलेल्या मातीच्या भेगांसकट. आमच्या कपाटात आता तीच प्रत आहे, त्यांच्या परवानगीने.

हक्क, पैसे, काळजी

मूर्तीवर गटातल्या सगळ्यांचा सारखा हक्क. प्रत्येक प्रतीखाली क्रमांक आणि सर्वांची नावं असतात. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त प्रत सगळ्यांच्या लेखी संमतीशिवाय निघत नाही. त्रिमितीय स्कॅन केलं तर ती फाइलही याच नियमात येते. पैसे तीन हप्त्यांत घेतो: नाव नोंदवताना, मूळ मूर्ती मंजूर झाल्यावर आणि प्रत हाती देताना. मधूनच गट सोडावा लागला तर पहिला हप्ता परत मिळत नाही, कारण तोवर तार, माती आणि मजुरी खर्च झालेली असते. दुसरा हप्ता भरला असेल तर तो परत मिळतो.

रेझिन उन्हात मऊ पडतं. मूर्ती खिडकीत ठेवू नका. शेपटी वाकलीच तर गरम पाण्यात मिनिटभर धरा, हलक्या हाताने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. रंग दिलेली प्रत असेल तर आमच्याकडे आणा. घासकाम पाण्याखाली, ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावूनच करा. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट आणि ती लहान मुलांच्या आसपास उडता कामा नये. ही खेळणी नव्हेत.

पुढचा गट

या दिवाळीनंतर सानाजे हा डायनासोरांच्या काळातला साप घ्यायचा विचार आहे. गुजरातमधल्या ढोली डुंगरीला धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये एका दगडात अंडी आणि हाडं दिसली. १९८७ मध्ये ती सगळी हाडं डायनासोरच्या पिलाची म्हणून नोंदली गेली. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा काही मणके सापाचे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. साडेतीन मीटरचा साप घरट्यातल्या फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून होता आणि शेजारी डायनासोरचं पिल्लू. २०१० मध्ये त्याचं वर्णन सानाजे इंडिकस या नावाने प्रसिद्ध झालं.

मूर्ती दहापट लहान धरली आहे, म्हणजे साप ३५ सेंटीमीटरचा. वेटोळ्याची ठेवण काळ्या पेन्सिलीची, पिलाची पाठ आणि खांदा काळे, बाकीचं पिल्लू निळं. सापाच्या अंगावरचे पट्टे लाल. नाव नोंदवायला याल तेव्हा या पट्ट्यांचं एक रेखाटन सोबत आणा. पहिल्या बैठकीत आम्ही ती सगळी भिंतीवर लावणार आहोत.